पल्याडचं आभाळ

माघ सरत आला की माझं डोकं दुखायला लागतं. डॉक्टर म्हणतात सायनस, सूनबाई म्हणते चष्म्याचा नंबर वाढला असेल, आणि मी दोघांनाही हो म्हणते. पहाटे गोधडी सोडवत नाही आणि दुपारी पंखा लावावा लागतो, असे हे दिवस. दारापुढच्या कडुनिंबाची पानं पिवळी होऊन दिवसभर गळत राहतात, झाडून घेतलं की पुन्हा तेवढीच. आंब्याला मोहोर आलेला असतो. लोकांना त्याचा वास आवडतो, मला तो घशाशी येतो. या दिवसांना वसंत म्हणतात आणि त्यावर फार चांगलं चांगलं लिहून झालेलं आहे हे मला ठाऊक आहे. पस्तीस वर्षं मुलांकडून मी तोच निबंध लिहून घेतला आणि तोच तपासला. पण मी स्वतः या दिवसांत उठले की चहाच्या आधी गच्चीवर जाते आणि उगवतीकडे बघते.

आता खरं तर बघायची गरज उरलेली नाही. मुलगा पुण्याहून मोबाईलवर नकाशा पाठवतो. "आई, उद्या तुमच्याकडे पिवळा इशारा आहे, कुरडया गच्चीवर टाकू नकोस." नकाशात जिल्हे रंगवलेले असतात, कुठे पिवळा, कुठे केशरी, कुठे हिरवा. गंमत अशी की रंग जिल्ह्याच्या हद्दीपाशी येऊन थांबतो. आपला जिल्हा हिरवा, गोदावरी ओलांडली की शेजारचा पिवळा. ढगाला कुणी सांगून ठेवलेलं असतं का, की बाबा, नदी आली, आता तू थांब? मुलाला हे बोलून दाखवलं तर तो हसतो. "आई, ते सोयीसाठी असतं गं." असेल. मीही एकदा सोयीसाठीच एक ओळ गाळली होती. पन्नास वर्षं झाली, घरात कुणाला सांगितलेलं नाही.

दुष्काळ म्हटलं की आमच्याकडे अजूनही ज्या सालाचं नाव निघतं, त्या बहात्तर सालच्या फाल्गुनातली गोष्ट आहे. दुष्काळ म्हणून जो सगळ्यांना आठवतो तो त्या पावसाळ्यात सुरू झाला. मी म्हणते ते त्याच्या चार महिने आधीचं. आधीच्या वर्षीही पाऊस बेताचाच होता, पण रब्बीची ज्वारी कशीबशी हाताशी आली होती. ती शेवटची ज्वारी आहे, हे त्या खळ्यांवर राबणाऱ्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. आता मागे वळून बघताना तेच दिवस मला सगळ्यात भीतिदायक वाटतात. दुष्काळ आला तेव्हा निदान तो आलेला दिसत तरी होता.

माझं माहेर कोल्हारचं, प्रवरेच्या काठचं. आमच्याकडे पाटाचं पाणी. आमचा शेतकरी सकाळी उठून आभाळाकडे नाही, पाटाकडे बघायचा. पाण्याची पाळी कधी सुटणार एवढीच त्याची चौकशी. पाऊस पडला तर चिखल होतो म्हणून कुरकुरणारी माणसं आम्ही. एकविसाव्या वर्षी मला मास्तरकीची नोकरी लागली आणि नेमणूक मिळाली घोडेगावच्या पुढे आडवाटेला, गंगेच्या अंगाच्या एका जिरायती गावात. गंगा म्हणजे गोदावरी. तिकडे तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. गावापासून गंगा दीड-दोन कोस, आणि तिच्या पल्याड मराठवाडा. पहिल्या दिवशी एसटीतून उतरले तेव्हा झाड म्हणून चार बाभळी आणि एक चिंचबन दिसलं, बाकी सगळं आभाळ. एवढं मोठं आभाळ मी आधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं होतं, पण सामान उचलायला आलेली बाई काय म्हणेल म्हणून मी ते दाबलं.

ती बाई म्हणजे ठकूआक्का. तिच्याच घरात मला एक खोली मिळाली होती. चाळिशीची, उंच, हाडापेराने रुंद बाई. हसली की पुढचा एक दात नसल्याचं दिसायचं, म्हणून हसताना पदर ओठाशी न्यायची. घरात ती, दोन मुली आणि तिचे मालक. मालकांना दमा. जरा धूळ उडाली की त्यांची छाती वाजायला लागायची, आणि रात्रभर ते भिंतीला टेकून बसलेले असायचे. त्यामुळे नांगरटीपासून मळणीपर्यंत सगळं आक्काच बघायची. माझी भाकरीही तीच करायची. "बाई, तुमाला पातळ लागती, शहरावानी," म्हणायची आणि मुद्दाम पातळ थापायची. कोल्हारला शहर म्हणणारी ती एकटीच मला आयुष्यात भेटली.

त्या गावात जो तो वेधशाळा होता. टिटवीने अंडी ओढ्याच्या पात्रात घातली की बांधावर, यावर पुढचा पावसाळा ठरायचा. बिब्ब्याला फुलोरा दाट आला तर एक, विरळ आला तर दुसरं. कुणाचा गुडघा ठणकायचा, कुणाची म्हैस सांजेला उगाच हंबरायची. आभाळाला खवलं पडली की तिसऱ्या दिवशी काहीतरी होणार यावर सगळ्यांचं एकमत, आणि काय होणार यावर वाद. अंदाज चुकला तरी कुणाची लाज जायची नाही, कारण अंदाज सगळ्यांचे असायचे आणि उद्या पुन्हा नवे करायचे असायचे. मी भूगोलात पहिली आलेली मुलगी. वर्गात समभार रेषा शिकवायची आणि मनातल्या मनात या सगळ्यांना हसायची. पहाटेच्या दवात करडई काढायला निघालेल्या बायका, दव असलं की करडईचे काटे मऊ होतात म्हणून, अंधारात एकमेकींना विचारायच्या, "आज दंव पडलं का गं?" आणि एखादी नुसता पाय गवतावर टेकवून सांगायची, "न्हाई, आज काटं बोचत्याल." ते मात्र कधी चुकायचं नाही. हे मी पाहिलं होतं आणि तरी त्याला ज्ञान म्हणावं असं मला सुचलं नव्हतं.

मी गेले त्याच वर्षी ग्रामपंचायतीला रेडिओ मिळाला. संध्याकाळी चावडीच्या खिडकीत तो ठेवायचे आणि पुरुषमाणसं पारावर बसून ऐकायची. बायका बसायच्या नाहीत. पण चावडीला लागूनच आड होता, आणि त्या वेळेला आडावर घागरींची गर्दी कशी काय वाढते हे सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं. बातम्या झाल्या की हवामानाचा अंदाज. त्याची भाषा मोठी. तुरळक ठिकाणी, मेघगर्जनेसह, अंशतः ढगाळ. पारावरची माणसं एकमेकांकडे बघायची. तेव्हा सरपंच म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर मोत्यावानी हाय. सकाळच्याला फळ्यावर सोप्यात लिवत जा. आमाला कळंल आसं." चावडीच्या भिंतीवर काळा चौकोन रंगवून घेतला. उजवीकडे सुविचार, डावीकडे आजचे हवामान.

पहिल्या आठवड्यात मी सगळंच लिहायची. कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. लोक हसले. "कोकनात पाऊस पडंना का, आपल्याला काय त्याचं? आपल्यापुरतं लिवा." सुविचारालाही जागा पुरत नव्हती. मग मी आपल्यापुरतं लिहू लागले. मध्य महाराष्ट्र, तेवढंच. हवामान कोरडे राहील. थंडी कमी होईल. दुपारी ऊन वाढेल. पोरासोरांकडून मोठी माणसं ते वाचून घ्यायची आणि मान हलवायची. हळूहळू टिटवीचं नाव निघेनासं झालं. "फळ्यावर काय हाय?" एवढंच विचारायचे. मला त्याचा फार अभिमान वाटायचा, हे कबूल करते. एकविसाव्या वर्षी आपल्या शब्दाला गाव मान देतं म्हटल्यावर दुसरं काय वाटणार?

फाल्गुन लागला आणि गावाबाहेर खळी तयार झाली. शेणाने सारवलेलं गोल अंगण, मध्ये उभा खांब, त्याभोवती फिरणारी बैलांची पात. कणसं तुडवून झाली की दाणे आणि भुसा एकत्र होतात, तो ढीग मग वाऱ्यावर उफणायचा. वावडी नावाची तीन पायांची उंच घोडी असते, तिच्यावर चढून बाई सुपातून हळूहळू धार सोडते. वारा भुसा पलीकडे नेतो, दाणे खाली पडतात. वारा नसेल तर काही करता येत नाही. मी सुट्टीच्या दिवशी आक्काच्या खळ्यावर जाऊन बसायची. चप्पल बाहेर काढून जायचं. आणि आणखी एक दंडक होता, तो मला आक्काच्या धाकट्या मुलीने कानात सांगितला: दाण्यांची रास घरात जाईपर्यंत खळ्यावर पावसाचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की तो येतो. थट्टेतसुद्धा नाही, एकमेकांना विचारायलासुद्धा नाही. मी अर्थात हसले, पण नाव मात्र काढलं नाही.

होळीला चार-पाच दिवस उरले होते. गावातल्या बहुतेकांच्या राशी घरात गेल्या होत्या. आक्काचं उशिरा झालं, कारण माणूसबळ नाही. तिचा ढीग मळून तयार होता, आणि नेमका वारा पडला.

वारा पडणं म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं. पान हलत नाही. धूर चुलीतून सरळ वर जातो आणि छपरापाशी तसाच थांबतो. सकाळी दहाला मे महिन्यासारखं तापायला लागलं, पण ऊन स्वच्छ नव्हतं, त्यात दूध कालवल्यासारखी एक पांढुरकी झाक होती. शाळेत मुलं पेंगायची. अंगाला घाम, आणि घाम वाळतच नाही. माश्या इतक्या झाल्या की ताटावर फडकं टाकून जेवायचं. आक्का वावडीपाशी उभी राहून चिमूटभर भुसा वर धरायची आणि सोडायची. भुसा सरळ तिच्या पायांवर पडायचा. "ये की रं बाबा," असं हळू आवाजात ती वाऱ्याला म्हणायची. तीन दिवस असे गेले. तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसत होती, पण खळ्यावर ती बोलून दाखवायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पारापासच्या ओट्यावर वही घेऊन बसले होते. रेडिओ खरखरत होता, पण ऐकू नीट आलं. मी टिपून घेतलं. येत्या चोवीस तासांत मध्य महाराष्ट्रात हवामान कोरडे राहील. मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस पडण्याची शक्यता आहे, काही ठिकाणी गारा पडतील. दोन्ही वाक्यं माझ्या वहीत होती. ती वही पुढे कितीतरी वर्षं माझ्याकडे होती, म्हणून शब्द आठवतात.

सकाळी फळा पुसला. त्या दिवशी सुविचार जरा लांब होता, आळसावर काहीतरी. डावीकडे मी लिहिलं, हवामान कोरडे राहील. खडू खाली ठेवला. मराठवाड्याचं वाक्य लिहावं असं एक क्षणभरही मनात आलं नाही. तो आपला भाग नव्हता. नकाशात तो वेगळ्या रंगात असतो.

फळ्यापाशी म्हाळूबाबा उभे होते. ते धनगर, त्यांच्या मेंढ्या खतासाठी आक्काच्या रिकाम्या वावरात बसवल्या होत्या. अजून आठ दिवस राहायचं ठरलं होतं, पण त्यांच्या घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं दिसलं.

"बाबा, निघालात?"

"व्हय. चिंचबनाकडं जातो. मेंढरं कालधरनं चरंनात. डोकी एकमेकींच्या पोटाखाली घालून हुबी हायती." त्यांनी फळ्याकडे पाहिलं. "काय लिवलंय?"

"हवामान कोरडं आहे."

"आसंल," म्हातारा म्हणाला. "पन मेंढरांना वाचाया येत न्हाई."

मी हसले. शाळेत जाऊन दुसऱ्या बाईंना हा विनोद सांगितलासुद्धा. म्हणजे मधल्या सुट्टीपर्यंत मी त्यावर हसत होते.

पण त्याआधी, शाळेला जाताना, मी आक्काच्या खळ्यावरून गेले होते. तो रस्ताच तसा होता. ती ढिगापाशी उकिडवी बसलेली होती. मला बघून उठली.

"बाई, काय लिवलं आज?"

"कोरडं आहे, आक्का."

तिने ढिगाकडे पाहिलं, मग उगवतीकडे. लुगड्यावरचा भुसा झटकला. मग म्हणाली, "आन् पल्याड?"

"पल्याड म्हणजे?"

"गंगंच्या पल्याड. तिकडचं काय म्हनत हुता त्यो?"

मला शाळेला उशीर होत होता, हे काही कारण नव्हे. खरं कारण असं, की मला तो प्रश्न अडाणी वाटला. "तिकडचं वेगळं असतं आक्का," मी म्हणाले, वर्गात समजावतो तसं. "तो मराठवाडा. आपला जिल्हा मध्य महाराष्ट्रात येतो. आपल्याला तिकडचं काय करायचंय?"

"व्हय," ती म्हणाली. "आपल्याला काय करायचं." मग पुन्हा ढिगाकडे बघत म्हणाली, "म्या म्हनत हुते, भुशासकट घरात न्यावं का समदं. पन न्हेलं तर मालकांचा दम उठंल. त्या धुळीत दोन दिस बी निघायचं न्हाईत ते. कोरडं हाय म्हनताय तर ऱ्हाऊ द्या हितंच."

"राहू द्या की," मी म्हणाले.

हे माझे शब्द. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

दुपारी तीनच्या पुढे वर्गात अंधारून आलं. मी पाढे घेत होते. आधी वारा आला, उगवतीकडून, थंडगार, ओल्या मातीचा वास घेऊन. तीन दिवस कोंडलेली मुलं आनंदाने ओरडली. मलाही बरं वाटलं. त्या वाऱ्याबरोबर आक्का वावडीवर चढली होती, हे मुलींनी मला नंतर सांगितलं. वाऱ्याला ओला वास आहे हे तिला कळलं नसेल असं होणारच नाही. पण वारा मिळाला होता. निम्मा ढीग तरी निघेल अशा आशेने ती सूप हलवत राहिली, थोरली मुलगी खालून भरून देत राहिली. दहा-पंधरा मिनिटं मिळाली असतील.

मग शाळेच्या पत्र्यावर आवाज सुरू झाला. एक, मग दोन, मग काही मोजता येईना. मुलं दाराकडे धावली. अंगण पांढरं होत गेलं. सुपारीएवढ्या, मग लिंबाएवढ्या गारा. मुलं गारा उचलून तोंडात घालत होती, किंचाळत होती, आणि मी, त्यांची बाई, मीही दारातून हात बाहेर काढून एक गार उचलली आणि तोंडात टाकली. कोल्हारला मी कधी गारा पाहिल्या नव्हत्या. ती गार जिभेवर विरघळेपर्यंत मला आनंद झाला होता. मग वहीतलं दुसरं वाक्य आठवलं.

थांबल्यावर मी खळ्यावर गेले. धावत नाही, चालत. वावडी आडवी पडली होती. आक्काने घोंगडी, कडब्याच्या पेंढ्या, अंगावरचं धडुतं, हाताला लागेल ते ढिगावर टाकलं होतं. तिच्या कपाळावर खोक पडली होती आणि रक्त पाण्यात मिसळून हनुवटीवरून गळत होतं. उफणलेली ज्वारी गारांत मिसळली होती, पांढऱ्यात पांढरं. दाणे कुठले आणि गारा कुठल्या ते कळत नव्हतं. दोघी मुली ओंजळीने सगळंच पाटीत भरत होत्या. गारा वितळल्यावर पाटीच्या तळाशी काय राहतं ते दिसलं. बाकीचं ओघळीने वाहून ओढ्याला लागलं होतं.

आक्काने मला पाहिलं. म्हणाली फक्त, "बाई, भिजल्या तुमी. घरी जावा."

दुसऱ्या दिवशी पारावर गाव रेडिओवर तुटून पडलं. "पुन्यात बसून ह्यांना काय दिसतंय?" "कोरडं म्हनला, आन् डोस्की फुटली." कुणाचा कडबा गेला होता, कुणाचा गहू आडवा झाला होता. मी तिथेच ओट्यावर बसले होते. रेडिओ खोटं बोलला नव्हता. गंगेच्या पल्याड पाऊस सांगितला होता, तो तिथे पडला आणि दीड कोस पुढे आला, एवढंच. हे सांगायला मला दोन वाक्यं पुरली असती. मी सांगितली नाहीत. सरपंच म्हणाले, "बाई, ऱ्हाऊ द्या आता ते हवामान. नुसता सुविचार लिवा." मी मान हलवली. म्हणजे मी आधी एक ओळ लपवली, आणि मग गावाचा अंदाजावरचा विश्वासच घालवला, आणि वर दोष रेडिओला जाऊ दिला. त्या दिवसानंतर मी फार सुवाच्य अक्षरात सुविचार लिहीत असे.

होळीला गोवऱ्या ओल्या होत्या. जाळ धरेना, नुसता धूर. मधोमध उभा केलेला एरंड कुठल्या दिशेला पडतो त्यावर तिथे वर्षाचा अंदाज सांगतात. तो बराच वेळ धुमसत उभा राहिला आणि शेवटी दक्षिणेकडे कलंडला. त्या बाजूला पडलेला कुणालाच नको असतो. बायकांनी नारळ टाकले आणि लवकर घरी गेल्या. "होळी जळाली, थंडी पळाली," असं पोरं ओरडत होती, आणि मोठ्यांनी त्यांना गप्प केलं. मी त्या वेळी या गोष्टी मानत नव्हते. आजही मानत नाही. पण त्या वर्षी मीसुद्धा तो एरंड कुठे पडतो ते डोळे ताणून बघत होते.

आक्काच्या वाचलेल्या ज्वारीला मोड आले. ती वाळवली, पण काळी पडली. त्या पिठाला कुबट वास यायचा आणि भाकरी थापताना चिरायची. माझी भाकरी मात्र पांढरी असायची. थोडीशी चांगली ज्वारी निवडून तिने वेगळी ठेवली होती, माझ्यासाठी आणि मालकांसाठी. मी म्हणाले, मला तुमच्यातलीच द्या. तिने ऐकलं नाही. "तुमी परक्याच्या लेकी. उद्या तुमची आई काय म्हनंल?" ती पांढरी भाकरी मी रोज खाल्ली.

मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरड्या गेल्या. रोज दुपारी ढग यायचे, थांबायचे आणि गंगेच्या रोखाने निघून जायचे. आषाढात काळी ज्वारीही संपली. मग रेशनवर परदेशी तांबडी मिलो ज्वारी आली, शाळेत सुकडी शिजू लागली. आक्काचे बैल घोडेगावच्या बाजाराला गेले. तिथून ती परत आली तेव्हा दावी हातात होती, ती तिने खुंटीला नीट टांगली आणि दोन दिवस जेवली नाही. मालक त्या दिवाळीनंतर गेले. धुळीने नाही, थंडीने. ज्वारी घरात नेली नव्हती, तरी ते राहिले नाहीतच.

पुन्हा माघ आला. पुन्हा पहाटे गोधडी आणि दुपारी घाम. यंदा खळी नव्हती, सारवायला शेण नव्हतं आणि मळायला काही नव्हतं. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि सगळं गाव खडी फोडायला जात होतं. मी एक दिवस शाळा सुटल्यावर तिथे गेले. वर्षभर जे पोटात होतं ते आता राहीना. आक्का बाभळीच्या विरळ सावलीत दगडांपुढे बसली होती, बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी शेजारी बसले. तिने सावलीतली जागा मला दिली आणि स्वतः उन्हात सरकली.

"आक्का, एक सांगायचंय," मी म्हणाले. "मागच्या शिमग्याच्या आधी, त्या दिवशी, रेडिओनं सांगितलं होतं. गंगेच्या पल्याड पाऊस आहे, गारा आहेत, म्हणून. माझ्या वहीत होतं. मी फळ्यावर लिहिलं नाही. तुम्ही विचारलंत तरी सांगितलं नाही."

हातोडी थांबली नाही. दोन घाव आणखी पडले.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"सांगंल कोन? म्या आडावर हुते की. घागर भरत हुते. समदं ऐकलं. मराठवाड्यात पाऊस हाय म्हनला, गारा बी म्हनला. माझी भन दिलीया तिकडं. म्हनलं, तिच्या दारात आला म्हंजी सांजपातुर आपल्या दारात यील, दर साली तसंच व्हतं. खळ्यावर नाव काढाया यीना, म्हनून तर तुमाला इचारलं, पल्याड काय म्हनून."

"मग तरीही तुम्ही ढीग तसाच ठेवलात?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग शोधला मी, खरंच शोधला. राग असता तर मी रडून मोकळी झाले असते.

"तुमी म्हनल्या, तिकडचं येगळं असतं," ती म्हणाली. "तुमी शिकलेल्या. म्हनलं, मलाच नीट कळलं नसंल."

तिने नवा दगड पुढ्यात ओढला. मग पदराने कपाळ पुसलं आणि अगदी सहज, रोज विचारायची तसं विचारलं, "औंदा काय म्हनतोय वो तुमचा रेडिओ? पडंल का?"

मी हो म्हटलं असतं तर तिने ते धरून ठेवलं असतं, आणि नाही म्हटलं असतं तरी. ती हातोडी हातात तशीच धरून माझ्या उत्तराची वाट बघत राहिली.